जोराचा ठोका पहिल्या अक्षरावर

ठोक. टक.

कू-ले-ला-गर. नॉर्वेजियन शब्द. अर्थ: बॉल बेअरिंग.

'बी विंगमधील सभासदांना शेवटची विनंती, की नळ चालू ठेवून दात घासू नयेत. कोण घासतं ते आम्हाला माहीत आहे.'

पिवळ्या मुठीचा, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर.

मे महिन्यात चाकणच्या एका कॅन्टीनमध्ये बर्फातलं जाकीट घालून मिसळ खाणारा माणूस.

उदगीरहून आलेला लोखंडी खलबत्ता. त्यातला फक्त बत्ता.

"पडली तर माझ्या अंगावर पडू दे!" तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, एक बाई.

ठोक. टक.

*

विजयश्री बिरादारला राग आला होता. कशाचा, हे सांगायचं तर सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न आहे, कारण सोमवारी ती उठली तेव्हाच आदल्या आठवड्याचा थोडा राग शिल्लक होता.

चाकणच्या ज्या कंपनीत ती क्वालिटी विभागात होती, ती कंपनी जहाजावरच्या क्रेनचे सुटे भाग बनवून नॉर्वेला पाठवायची. तिथल्या कारखान्यात दोन वर्षांसाठी इथून एक माणूस जाणार होता. काम तपासणीचं, म्हणजे सरळसरळ विजयश्रीचं. पण मोठ्या साहेबांनी मध्येच अट घातली की नॉर्वेच्या भाषेची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी जायचं नाही. सेल्समधला अजिंक्य मागच्या खेपेला काठावर पास झाला. याच अजिंक्यला मायक्रोमीटर उलटा धरताना विजयश्रीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिची परीक्षा येत्या रविवारी सकाळी होती, घरूनच, लॅपटॉपवर. पास झाली तर ती जाणार. नापास झाली तर अजिंक्य, आणि त्यानं जाकीट आणूनही ठेवलं होतं.

आणि विजयश्री नापास होणार होती. तसं तिची शिकवणीवाली भाग्यश्री म्हणाली. भाग्यश्री मूळची निगडीची, लग्न होऊन नॉर्वेतल्या बर्गनला गेलेली, आणि तिथून व्हिडिओवर शिकवायची.

"शब्द सगळे बरोबर आहेत गं तुझे," ती म्हणाली. "पण सपाट बोलतेस. प्रत्येक अक्षराला सारखं वजन. पंगतीत भात वाढत गेल्यासारखं."

"मग कुणाला कमी वाढू?"

"सगळ्यांनाच कमी. पहिल्याला मात्र रपारप. हे लोक दोन शब्द चिकटवून एक करतात बघ. कूले म्हणजे गोळा, लागर म्हणजे बेअरिंग. तोडायचं ते सांध्यावर तोडायचं. कूले, लागर. पहिल्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोराचा ठोका. सांधा ओलांडला की पुढच्या शब्दावर हलका. बाकीची अक्षरं पाहुण्यांच्या पोरांसारखी, आली काय आणि गेली काय."

"कू-ले-ला-गर."

"सपाट."

"कूलेलागर!"

"आता भरभर सपाट. विजयश्री, तोंडाला जमत नसेल तर हाताला शिकव. काहीतरी जड घे आणि ठोक."

घरात जड म्हणजे बत्ता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथून पाण्याचे पाइप भिंतीतून खाली जातात, तिथे तिनं पायपुसण्याच्या घड्या घालून ठेवल्या, समोर बसली आणि रोज सकाळ-संध्याकाळ ठोकू लागली. सकाळी बेडरूममध्ये नवरा रविराज झोपलेला असायचा, संध्याकाळी घरीच नसायचा. त्याला भोसरीत सेकंड शिफ्ट होती, आणि तो झोपला की त्याच्या उशाशी प्रेस चालवली असती तरी चाललं असतं. पायपुसण्यामुळे आवाज घरातल्या घरात राहतो, असं तिला वाटत होतं.

पायपुसण्यामुळे आवाज बसका झाला होता, एवढंच. आणि लोखंडी पाइपांना बसका आवाज फार आवडतो.

*

बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, बबनराव सांडभोर राहायचे. एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेले. मशीनला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. कारखाना सुटला, पण कान सुटला नाही. घरातला मिक्सर आणि फ्रिज त्यांनी तपासून झाले होते. बायकोच्या, सुमनताईंच्या गुडघ्यालाही एकदा स्क्रू ड्रायव्हर लावून त्यांनी 'ग्रीस संपलंय' असं निदान केलं होतं. त्यावर सुमनताई जे बोलल्या ते ऐकायला मात्र कुठल्याही अवजाराची गरज पडली नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पाइपाला स्क्रू ड्रायव्हर लावला.

"गप!" ते म्हणाले.

"मी बोलले कुठं?" सुमनताई म्हणाल्या.

"येक जड, मंग येक हलका. येक जड, मंग हलका. पंपाच्या बेरिंगचा गोळा फुटलाय, सुमन. दर फेरीला आदळतोय."

"च्या गार व्हतोय."

"आख्खा पंप बसंल, आन् तुला च्याचं पडलंय!"

या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी नव्हती. बिल्डरनं टाकीसाठी ठेवलेली गच्ची परस्पर वरच्या फ्लॅटवाल्याला विकली होती. तळमजल्यावरचा पंप थेट नळांना पाणी ढकलायचा. पंप बंद म्हणजे नळ बंद. बबनराव जिना उतरून खाली गेले. तोवर विजयश्रीची सकाळची उजळणी संपली होती. ती आंघोळीला गेली, डोक्याला शांपू चोळला, आणि डोळे मिटूनच नळ

बंद.

*

"कोण बंद केलंय पंप? कोण?"

डोक्याला टॉवेल, एका डोळ्यात फेस, अशी ती जिना उतरली. एरवी ती पुण्याची शुद्ध मराठी बोलायची. रागावली की उदगीर बाहेर यायचं.

"म्या," बबनराव शांतपणे म्हणाले. "बेरिंग गेलंय."

"काय करायलात हो तुम्ही? माझी बस जायलीय तळवड्याच्या चौकातून, आन् माझ्या डोक्यात फेस हाय!"

"ताई, फेस आज ना उद्या जाईल. पंप गेला तर काय कराल? बगा, कान द्या. हाय का आवाज?"

"कसला आवाज? कायबी आवाज नाही!"

"तेच म्हंतोय म्या. पंप बंद क्येला, आवाज बंद."

या तर्कात एकच खोट होती, आणि ती खोट टॉवेल गुंडाळून त्यांच्यासमोर उभी राहून ओरडत होती. पण ते दोघांनाही दिसलं नाही.

विजयश्रीची बस गेली. रिक्षा, मग दुसरी रिक्षा, मग ट्रकांच्या रांगेतून पायी, असं करत ती कंपनीत पोचली, तर गेटवर अजिंक्य.

"लेट? जरा सांभाळ हं. नॉर्वेत वेळेला फार महत्त्व असतं म्हणे."

त्या संध्याकाळी ती रोजच्यापेक्षा जोरात ठोकत बसली.

*

'सर्व सभासदांना कळवण्यात येते की श्री. सांडभोर यांना पंपात गंभीर ठोका ऐकू आला आहे. उद्या मेकॅनिक येईल. तोवर पाणी जपून. दात घासणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.' हे सोसायटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब. ग्रुपवर त्यांच्या प्रत्येक संदेशाला बबनराव हात जोडलेलं चित्र पाठवायचे, आणि मग बाकीचे सतरा प्रकारचे राग पाठवायचे.

विजयश्रीनं ग्रुप बंद करून ठेवला होता. अभ्यासासाठी.

मंगळवारी सयाजी नावाचा पंपवाला आला. त्यानं पंपाला हात लावला, कान लावला, पंप चालू केला, बंद केला, परत चालू केला. पंप गुण्यागोविंदानं फिरत होता. कुठेही ठोका नाही, कारण विजयश्री पंपाशेजारीच कमरेवर हात ठेवून उभी होती, आज पाणी कोण बंद करतं ते बघायला.

"काका, मस्त चाललाय राव पंप," सयाजी म्हणाला.

बबनरावांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "किती वर्सं काम करतुयास? मेकॅनिक आला की मशीन गप बसतंय. दाताच्या डॉक्टरकडं गेल्यावर दात दुकतो का? खोल."

"कशाला खोलायचं? चालू हाय की!" विजयश्री ओरडली.

"चालू हाय म्हनूनच खोलायचं. बंद पडल्यावर काय, कोनीबी खोलतंय."

सयाजीनं खोलायला घेतला. नट गंजलेले. पाना घसरला. हातोडी आणली. हातोडी बसली, आणि ज्या पंपाला काहीही झालेलं नव्हतं त्याचं बिडाचं कवच वरपासून खालपर्यंत तडकलं. नवं कवच मागवावं लागेल, ते कधी येईल ते मागवल्यावर कळेल, असं सांगून सयाजी गेला तो फोन उचलेनासा झाला.

आता टँकर. टँकरमागे रांग. रांगेत भांडणं. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून अण्णासाहेबांनी लिफ्टमधून बादली न्यायला बंदी घातली. मग लोक बादलीला साडी नेसवून, कचऱ्याची पिशवी गुंडाळून नेऊ लागले; एकानं तर बादलीवर बाळाचं दुपटं पांघरून लिफ्टनं नेली आणि वॉचमनच्या देखत तिला थोपटलं. विजयश्रीनं मात्र जिन्यानं नेल्या. तिला लिफ्टसाठी थांबण्याइतकाही धीर राहिला नव्हता. तीन मजले चढताना ती प्रत्येक पायरीवर एकेक नॉर्वेजियन शब्द चिरडत होती. व्हान-पुम्पे. पाण्याचा पंप. व्हान-पुम्पे. भाग्यश्रीनं नेमका याच आठवड्यात हा शब्द दिला होता.

"सपाट," संध्याकाळी भाग्यश्री म्हणाली.

"अगं, माझ्या घरात पाणी नाही!"

"त्याला मी काय करू? ते पण सपाटच बोललीस."

विजयश्रीनं लॅपटॉप मिटला, बत्ता उचलला, आणि बबनराव, सयाजी, अण्णासाहेब, अजिंक्य, भाग्यश्री, बिल्डर अशा क्रमानं ठोकत सुटली.

ठोक. टक.
ठोक. टक.
ठोक

*

खाली बबनरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

पंप तर तळमजल्यावर पोतं अंथरून त्यावर सुटा पडला होता. त्याचा एक भाग इकडे, एक तिकडे. आणि ठोका पडत होता.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पाइपाला लावला. मग भिंतीला. मग कॉलमला. सुमनताईंनी त्यांचा चेहरा इतका पांढरा फक्त एकदाच पाहिला होता, मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा.

"काय ओ?"

"ठोका पंपाचा न्हाई, सुमन." त्यांनी मूठ कानापासून काढली. "ठोका बिल्डिंगीचा हाय."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'कॉलम' हा शब्द आला. त्यापाठोपाठ भेगांचे फोटो आले. ज्यांच्या घरी भेग नव्हती त्यांनी रंगाचे पोपडे पाठवले. एका गृहस्थांनी हाताच्या रेषांचा फोटो चुकून पाठवला, त्यावरही अण्णासाहेबांनी 'नोंद घेतली' असं उत्तर दिलं. कोणी बिल्डरला फोन लावला. बिल्डर बँकॉकला होता. तो नेहमी बँकॉकलाच असायचा.

शनिवारी सकाळी टँकरच्या रांगेत सुमनताई विजयश्रीच्या मागे उभ्या होत्या.

"तुमाला न्हाई का ओ ऐकू येत?" त्या म्हणाल्या. "आमचे तर आठवडाभर जेवले न्हाईत धड. सकाळ-संध्याकाळ पडतोय ठोका. येक जड, मंग येक हलका. येक जड, मंग—"

विजयश्रीची बादली भरून वाहू लागली. तिला कळलं नाही. मागच्यांनी आरडाओरडा केला तेव्हा तिनं बादली सरकवली, स्वतःच्याच पायावर सांडली, आणि जिना चढू लागली. एका मजल्यावर तिला घाम फुटला, दुसऱ्यावर लाज वाटली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मात्र लाजेचाही राग झाला होता. पंप तिनं खोलला नव्हता. बिल्डिंग पडणार असं ती म्हणाली नव्हती. आता खाली जाऊन 'तो आवाज माझा' म्हटलं, तर बादल्या वाहून वाहून खांदे उतरलेली ही सगळी माणसं तिला उद्याच्या परीक्षेपर्यंत जिवंत ठेवतील का?

झोपेतून उठलेल्या रविराजला तिनं सगळं सांगितलं.

"सांगून टाक," तो म्हणाला.

"उद्या दुपारी सांगते. परीक्षा झाल्यावर."

"तोवर?"

"तोवर ठोकत नाही. आवाज बंद, म्हणजे लोकांची भीती बंद."

तिनं बत्ता खलात ठेवून दिला. शनिवारी संध्याकाळी इमारत अगदी शांत होती.

खाली बबनराव भिंतीला कान लावून बसले होते. एकही ठोका नाही.

"थांबला," ते कुजबुजले. "सुमन, सामान बांध. कारखान्यातली मोठी प्रेस बसली तवा अशीच गप झाली व्हती आदी."

*

रविवारी सकाळी अख्खी बी विंग पार्किंगमध्ये होती. ट्रंका, गॅसच्या शेगड्या, देवघरं, एक पोपट. अण्णासाहेबांनी मेन स्विच पाडला होता आणि 'सर्व दारे उघडी ठेवून खाली यावे' असा हुकूम दिला होता. बबनराव एकटेच प्रत्येक मजल्यावर जाऊन कॉलम ऐकणार होते. अशा कामाला कान लागतो.

फक्त बिरादारबाई खाली येत नव्हत्या.

"विजयश्रीताई, खाली या!" अण्णासाहेबांनी हाताचा कर्णा केला. "माझ्यावर कायदेशीर जबाबदारी आहे!"

"माझी परीक्षा हाय!"

"अहो, बिल्डिंग पडेल!"

"पडली तर माझ्या अंगावर पडू दे!" आणि खिडकी बंद.

वीज नव्हती म्हणून वायफाय नव्हतं. रविराजचा मोबाइल लॅपटॉपला जोडला होता आणि रविराजला, अण्णासाहेबांना बोलण्यात गुंतवून ठेव म्हणून खाली पाठवलं होतं. लॅपटॉप स्वयंपाकघरात, नेहमीच्या कोपऱ्यात, त्याची बॅटरी अर्ध्यावर. पंखा बंद. पडद्यावर मारित नावाच्या परीक्षक बाई, मागे त्यांची स्वच्छ खिडकी, खिडकीत स्वच्छ पाऊस. फुकटचं पाणी बघून विजयश्रीचा जबडा आवळला गेला.

तिनं स्वतःची ओळख करून दिली. सपाट. आपलं शहर, आपली कंपनी, आपले छंद. सगळं पंगतीतल्या भातासारखं. मारित बाईंच्या चेहऱ्यावर सभ्यपणा होता, म्हणजे परिस्थिती वाईट होती.

"तुमचा हा आठवडा कसा गेला?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर विजयश्रीनं पाठ केलेलं होतं. छान गेला, मी कुटुंबासोबत बागेत गेले. तिनं तोंड उघडलं आणि बाग निघालीच नाही. बाहेर पडला पंप. व्हान-पुम्पे! तिच्या तोंडून पहिलं अक्षर असं सुटलं की लॅपटॉपचा पडदा थरथरला. मग डोक्यातला फेस, चुकलेली बस, टँकर, बादल्या, दुपट्यातली बादली, खाली बसलेला पोपट. शब्द कमी पडले तिथे तिनं दोन शब्द सांध्यावर जोडून नवे केले. प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्याच अक्षराला टोला, सांध्यापलीकडे एक चापट, आणि उरलेली अक्षरं पळत सुटलेली. ती बोलत नव्हती, ती मारत होती. आठवडाभरात पहिल्यांदाच ती बत्त्याशिवाय ठोकत होती, आणि तिला ते कळलंही नाही.

मारित बाईंनी मान खाली घातली आणि काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आता हे शब्द मोठ्यानं वाचून दाखवा."

राग ओतून संपला होता. पडद्यावर शब्द आले, लांबलचक, मालगाडीसारखे. पहिला सपाट गेला. दुसराही सपाट. तिनं पडद्यावरची नजर न काढता हात लांबवला, खलातला बत्ता घेतला आणि अगदी हळू, पायपुसण्यावर

ठोक. टक.

जिन्यात बबनराव थबकले.

*

त्यांनी कठड्याला स्क्रू ड्रायव्हर लावला. मग भिंतीला. मग दाराच्या चौकटीला. टोक पुढे, कान मागे, असे ते उघड्या दारातून आत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. समोर मांडी घालून बसलेली बाई, तिच्या हातात बत्ता, बत्त्याखाली पायपुसणं.

कारखान्यातला सगळा जन्म, मिक्सर, फ्रिज, पंप, कॉलम, खाली मांडलेला संसार आणि पोपट, हे सगळं बबनरावांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ गेलं.

"तुमी?"

विजयश्रीनं एका हातानं बत्ता धरून दुसऱ्या हातानं त्यांना गप राहण्याची खूण केली. विनवणी होती, पण दिसायला धमकीसारखी होती.

"हे कोण?" पडद्यावरून मारित बाईंनी विचारलं.

"शेजारी," विजयश्री त्यांच्या भाषेत म्हणाली. "पंप यांनीच उघडला."

"अच्छा! नाबो-क्रांगेल." मारित बाई पुढे सरकून बसल्या. शेजाऱ्यांच्या भांडणासाठी त्या लोकांकडे एकच अखंड शब्द आहे. विजयश्रीला त्या भाषेबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

"काय म्हंती ती गोरी?" बबनराव दबक्या आवाजात म्हणाले. "आन् द्या तो इकडं!" त्यांनी बत्ता तिच्या हातातून हिसकावून घेतला.

"द्या परत! माझी परीक्षा चालू हाय!"

"माजी काय चाललीय मंग? खाली आख्खी विंग बसलीय माझ्या शब्दावर!"

"पुढचा शब्द," मारित बाई म्हणाल्या.

आरबाइड्स-तिल्लातेल्से. कामाचा परवाना. सहा अक्षरं. विजयश्रीचा हात रिकामा. पण बबनराव फोरमन होते. नुसत्या संशयावर ते निदान करत नसत. आवाज हाच की दुसरा, याची खात्री करायलाच हवी होती. ते खाली बसले, पायपुसणं नीट केलं आणि आठवडाभर ऐकलेला ठोका जसाच्या तसा मारून पाहिला.

ठोक. टक.

"आर-बाइड्स-तिल-लातेल्से!" विजयश्री म्हणाली.

मारित बाईंच्या भुवया वर गेल्या.

"ह्योच," बबनराव पुटपुटले. "शंभर टक्के ह्योच." आणि एका वाचनावर भरवसा ठेवायचा नाही, या जुन्या सवयीनं त्यांनी आणखी एकदा मारला, जरा जोरात. विजयश्रीनं पुढचा शब्द वाचला. तिसऱ्यांदा मारला. तिनं तिसरा वाचला.

पार्किंगमध्ये तिन्ही ठोके ऐकू आले. पहिल्याला बायका उठल्या. दुसऱ्याला पुरुषांनी ट्रंका सोडल्या. तिसऱ्याला अख्खी बी विंग फाटकातून रस्त्यावर गेली, सगळ्यांत पुढे अण्णासाहेब, सगळ्यांत मागे पोपटाचा पिंजरा धरून रविराज. पोपट त्याचा नव्हता.

"आवो, हे वर हायत!" सुमनताई रस्त्यावरून ओरडल्या. "आवो, उडी टाका!"

*

बबनराव जिन्यानं खाली आले तेव्हा त्यांचा शर्ट पोटापाशी थोडा फुगला होता. रस्त्यावरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. सुमनताई रडत होत्या आणि रडता रडता शिव्या देत होत्या.

"काय निघालं, बबनराव?" अण्णासाहेबांनी विचारलं. "कॉलम?"

बबनरावांनी वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग पोत्यावर पडलेल्या तडकलेल्या पंपाकडे. मग जमलेल्या माणसांच्या खांद्यांकडे, जे आठवडाभर बादल्या वाहून एका बाजूला झुकले होते.

"तिसऱ्या मजल्यावर लूज व्हतं," ते म्हणाले. "टाइट क्येलं."

"काय लूज होतं?"

"तुमाला सांगून कळनार हाय का?"

नाही, ते कोणालाच कळणार नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी तिथल्या तिथे सत्कार जाहीर केला. कोणाच्या तरी उघड्या ट्रंकेतून शाल निघाली, कोणाच्या देवघरातून नारळ.

"तुमच्याच घरात सापडलं ना, विजयश्रीताई? मग शाल तुमच्या हस्ते!" अण्णासाहेब म्हणाले.

विजयश्री खाली आलीच होती. 'दुपारी सांगते' म्हणाली होती, आणि दुपार झाली होती. तिनं तोंड उघडलं, भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि शाल घेतली. बबनरावांच्या खांद्यावर ती टाकताना दोघांचेही चेहरे मोबाइलकडे वळलेले होते आणि दोघेही दात दाखवत होते.

"बत्ता परत द्या," ती दातांतून म्हणाली.

"पंप परत द्या."

"पंप तुम्ही खोलला."

"आवाज तुमचा व्हता."

"लोकांना सांगू का?"

"सांगा की. म्या बी सांगतो."

"जरा हसा!" अण्णासाहेब म्हणाले. "अजून एक घेऊ."

दोघेही आणखी हसले. फोटो ग्रुपवर पडला. खाली पहिलाच संदेश आला, की सत्कार झाला असेल तर आता पाण्याचं बघा.

मारित बाईंनी विजयश्रीच्या नावापुढे 'उत्तीर्ण' असं लिहिलं, ते बबनराव दारात येण्याच्या आधी.